वर निखारे, खाली निखारे

केक-बिस्किटं ही साहेबाची देणगी, आपलं म्हणजे तळण आणि वाफवण, असं सर्रास बोललं जातं. पावसाळा सरता सरता कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात कोणी डोकावलं असतं, तर हे मत टिकलं नसतं. मोठं जून तवसं, म्हणजे काकडी, किसायचं, त्याला सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा आणि गूळ शिजवायचा, खोबरं, वेलची, चिमूटभर मीठ घालायचं आणि जाड बुडाच्या पातेल्यात सगळं थापून वर ताट झाकायचं. ताटावर निखारे, खाली ओढून मंद केलेला विस्तव. हे धोंडस; दक्षिणेकडे सरकलं की तवसळी. अंडं नाही, यीस्ट नाही, सोडा नाही, तरी सुरीने वड्या पडतात आणि वरची साल तांबूस, खमंग असते.

ओल्या मिश्रणात पाणी आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. तांबूस रंग धरायला मात्र वरचा थर सुकून 140 अंशांच्या आसपास तापावा लागतो. नुसत्या चुलीवर ठेवलं तर बूड करपतं आणि माथा पांढराच राहतो. म्हणून डोक्यावर विस्तव. किती निखारे घ्यायचे, राख कधी झटकायची, हे वहीत लिहिलेलं नसे. सून सासूच्या शेजारी बसून, वासावरून शिकायची. साहित्याची यादी कोणीही सांगेल, आच ओळखणं मात्र शेजारी बसल्याशिवाय येत नाही, आणि घराघरातून पुढे गेलं ते मुख्यतः हेच, असं मला वाटतं.

गोव्यातली बेबिंका याच तंत्राची थोरली बहीण. नारळाचा रस, अंड्यातला पिवळा बलक, साखर, मैदा, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरच्या आचेवर तांबूस होऊ द्यायचा, त्यावर तुपाचा हात फिरवून दुसरा. सात थर तरी हवेतच, हौशी घरांत सोळापर्यंत जातात. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने ती पहिल्यांदा केली, अशी कथा सांगतात. कथा म्हणूनच ती ऐकावी. 2023 मध्ये बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळालं. नाताळच्या आधी घरातल्या दोन-तीन पिढ्या त्या एका भांड्याभोवती आळीपाळीने बसतात, कारण घाई केली की थर एकमेकांत मिसळतात.

घाटावर आणि मुंबईत मात्र भाजण्याचं काम घराबाहेर गेलं, आणि तेही ऐन दिवाळीत. पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या ज्यांनी लहानपणी नानकटाईचे डबे वाहिले आहेत, त्यांना सांगायला नको. पीठ घरचं, भट्टी बेकरीवाल्याची. तूप परातीत घेऊन तळव्याने फेसत बसायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. मग पिठीसाखर, मैदा, थोडा रवा किंवा बेसन, वेलची, चिमूट सोडा. फेसण्यामागे शास्त्र आहे: घट्टसर तुपात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात आणि तेच भट्टीत फुगतात. तूप पातळ झालं तर हवा धरत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात परातीखाली थंड पाणी ठेवायचं. 1937 मध्ये डालडा बाजारात आला आणि नानकटाईला तो फारच मानवला, कारण उकाड्यातही तो घट्ट राहायचा. आज डालड्यासारख्या वनस्पती तुपातल्या ट्रान्सफॅटचं नाव काढलं की आपण दचकतो. जानेवारी 2022 पासून त्याचं प्रमाण कायद्याने 2 टक्क्यांवर आणलं आहे. पण तुपाची नानकटाई ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्या घरात दिवाळीचा तो खुसखुशीतपणा डालड्यानेच आणला, हे कबूल करायला हवं.

लाकडाच्या भट्टीचा स्वतःचा दिनक्रम असतो. भरपूर तापली की आधी पाव. मग ती हळूहळू उतरते, आणि त्या उतरत्या आचेवर नानकटाईसारखं नाजूक काम. म्हणून घरचे डबे घेऊन ताटकळावं लागे. डब्यावर नावाची चिठ्ठी, तरी कोणीतरी राखण करायला हवंच. शेजारणीच्या डालड्याच्या नानकट्या आपल्या तुपाच्या डब्यात आल्या तर? (उलट झालं तर मात्र कोणी तक्रार करत नसे.) नानकटाईचं मूळ सुरतेचं मानतात. तिथली दोटीवाला बेकरी आपलं घराणं डच वखारीच्या भट्टीशी जोडते: डच गेले, भट्टी पारशी कामगाराकडे आली आणि ती आजही त्याच कुटुंबात आहे.

भट्टी घरात आली ती कुकरच्या रूपाने. तळाशी वाळू किंवा मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, आत केकचं भांडं. अंडं न चालणाऱ्या घरांत कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याने वाट मोकळी केली. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं घरोघर रुजवली होती, केकला तीच लावली गेली. पण चाळलेला मैदा आणि दाबून भरलेला मैदा यांत वाटीमागे बराच फरक पडतो, त्यामुळे आईचा केक लेकीला जमेना. त्यावर काही घरांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो: पाककृतीबरोबर ती वाटीच मुलीला देऊन टाकायची.

आता ओट्यावर ओटीजी आहे, वजनकाटा आहे, वर-खाली दोन कॉइल आणि आकडे लिहिलेलं बटण आहे. बाहेरची भट्टीही बदलते आहे: जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. शेजारच्या इमारतींतल्या फुप्फुसांचा विचार केला तर हे योग्यच. गॅसच्या भट्टीला पाव काढून आच उतरायची वाट पाहावी लागत नाही, हवं ते तापमान हवं तेव्हा मिळतं. तेव्हा ज्या बेकऱ्या अजून घरचं पीठ भाजून देतात, तिथे नानकटाईचा डबा आता सकाळीही न्यायला हरकत नाही.