मन आणि शरीर, लेखांक ९ : कितीही भरला तरी बारीकच वाटणारा दंड

नंदुरबारचं नाव निघालं की बोलणं कुपोषणावर जातं. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका बाळाच्या दंडाला पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर तीव्र कुपोषण. अशा जिल्ह्यात दंड कमावण्यापायी तरुण आजारी पडतो, हे पटकन पटत नाही. पण जिम आता शहाद्या-तळोद्यालाही आहेत आणि मोबाइल तर पाड्यापाड्यावर.

मागच्या लेखांकात आपण हाडं दिसत असूनही स्वतःला जाड समजणारे रुग्ण पाहिले. हा आजार नेमका उलटा. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांनी १९९३ साली १०८ शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास छापला. त्यातले ९ जण धिप्पाड असूनही स्वतःला किडकिडीत समजत होते. १९९७ मध्ये या आजाराला ‘मसल डिस्मॉर्फिया’ हे नाव मिळालं.

व्यायामाची आवड म्हणजे आजार नव्हे. पोलिस भरतीसाठी पहाटे धावणारी, गोळा फेकणारी पोरं इथे गावोगाव दिसतात. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, फुगवून आणखी ५. तेवढी भरली की टेप बाजूला पडतो. या आजारात पुरे म्हणायचा आकडाच नसतो. मे महिन्याच्या उन्हातही पोरगा जाड, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट काढत नाही, कारण दंड बारीक दिसतील. नात्यातल्या लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली की हा गायब. डब्यातल्या उकडलेल्या अंड्यांची वेळ चुकवायची नसते. जिम बुडेल म्हणून हातचं काम सोडतो, मित्र तोडतो. आणि घरी? पोरगा दारूला शिवत नाही, व्यायाम करतो, म्हणून आई-बापाला कौतुकच वाटतं. सगळ्यात जास्त काळजी मला याचीच वाटते.

पुढची पायरी इंजेक्शनची. बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं कमी करतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. मेफेंटरमाइन हे भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरायचं औषध. तेही जिममध्ये जोर यावा म्हणून चोरून विकलं जातं, आणि राज्यात पोलिसांनी त्याचे साठे पकडले आहेत. निरोगी माणसाचा रक्तदाब त्याने धोकादायक वाढू शकतो.

‘अरे, किती तब्येत आहे तुझी!’ असं सांगून उपयोग होत नाही. त्याला ते खोटंच वाटतं. ‘तू जेवायला बसत नाहीस, झोपत नाहीस, त्याची काळजी वाटते,’ असं बोला. विचारांची पकड सैल करणारी वर्तनोपचार पद्धत आणि गरजेप्रमाणे नैराश्यावरची औषधं यांनी फरक पडतो. स्टेरॉइड चालू असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावं. त्यानंतर मन फार खचतं, आत्महत्येचे विचारही येतात. १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येतं, आणि फोन घरच्यांनीही करावा.

पुढच्या आठवड्यात : स्टेरॉइड सोडल्यानंतरचे महिने.