लॅपटॉपवर लिनक्स बसवताना

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले की स्क्रीन आणि कीबोर्ड बहुधा लगेच चालतात; अडते ते वायफायवर. यंत्राचा प्रत्येक भाग चालवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्याजवळ, म्हणजे कर्नलजवळ, असावा लागतो आणि अनेक वायफाय चिपना त्याखेरीज उत्पादकाचे फर्मवेअरही लागते. ते मुक्त परवान्याचे नसल्याने डेबियन या लिनक्स वितरणाने वर्षानुवर्षे अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांच्या मतदानाने हे धोरण बदलले. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून ते सोबतच मिळते. निर्णय योग्यच होता, कारण नेटच नसेल तर फर्मवेअर उतरवायचे कसे?

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये वापरलेला लॅपटॉप घेताना पेन ड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स जरूर चालवून पाहावे. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा तपासता येतो. झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हेही कळते. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चिपचे नाव सांगते, तर ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेच्या नोंदींत न सापडलेल्या फर्मवेअरची फाइल बहुधा दिसते. सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू असेल, तर एनव्हिडियाच्या वेगळ्या बसवलेल्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर मान्य डिजिटल सही लागते. नाहीतर कर्नल तो नाकारतो.