रंगाखालचा गंज

दसऱ्याच्या सकाळी पेढीसमोरची जुनी पिकअप धुऊन-पुसून उभी केली जाते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, काचेपुढे झेंडूचे तोरण झुलू लागते. बारा-तेरा वर्षे धान्य, किराणा आणि खतांची पोती वाहणाऱ्या या गाडीविषयी घरात कृतज्ञता असते. मात्र वाकून तिच्या तळाकडे पाहण्याचे कोणाला सुचत नाही. नुकत्याच सरलेल्या पावसाळ्याने आपला हिशेब नेमका तेथेच लिहून ठेवलेला असतो.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ मिसळले की ही क्रिया वेगाने होते. म्हणूनच कोकण किनारपट्टीवर राबलेली किंवा मिठागरातील माल वाहिलेली गाडी देशावरच्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. अमोनियम सल्फेटसारखी खतेही पत्र्याची अशीच वैरी आहेत. फाटक्या पोत्यातून सांडलेली पसाभर खताची भुकटी हौद्याच्या सांध्यात ओल धरून बसते आणि महिनोन्महिने पत्रा खात राहते. मूळ लोखंडापेक्षा गंज अधिक जागा व्यापत असल्याने वरचा रंग फुगतो. फुगवटा नजरेस पडतो तेव्हा आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते. चक्रवाढ व्याज जाणणाऱ्या व्यापाऱ्याला याहून अधिक सांगणे नको.

तपासणीच्या जागा ठरलेल्या आहेत. चाकांवरील कमानींची आतली बाजू, दारांच्या खालच्या कडा, केबिनमधील पायपुसण्याखालचा तळ, बॅटरीची बैठक, हौद्याचा तळ व फाळक्याच्या बिजागऱ्या आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चॅसिसचे दोन लांब दांडे व त्यांवर पाटे जोडलेल्या जागा. दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून कुजते. चॅसिसवर लहान हातोडीने हलकेच ठोकून पाहावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते; पोखरलेले बद्द बोलते.

गंज वरवरचा असेल तर उपाय साधा, परंतु नेटाचा आहे. प्रथम गाडी तळापासून गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावी. गंजलेल्या डागाभोवतीचा चांगला रंगही थोडा खरवडून, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासावे. खोलगट खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजरोधक द्रावण लावावे. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करावे. हे द्रावण गंजाचे फॉस्फेटच्या स्थिर थरात रूपांतर करते. दिल्लीत मेहरौली येथे उघड्यावर उभ्या असलेल्या, सुमारे सोळाशे वर्षे जुन्या लोहस्तंभाच्या टिकाऊपणामागेही, त्याच्या लोखंडातील अधिक फॉस्फरसमुळे तयार झालेला असाच फॉस्फेटचा पातळ थर असल्याचे संशोधक सांगतात. द्रावण सुकले की त्याच दिवशी प्रायमर लावावा, कारण दमट हवेत उघडे लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होते. त्यानंतर रंग आणि शेवटी तळाला संरक्षक लेप द्यावा.

या क्रमात घाई चालत नाही. गंज न काढता त्यावर काळा जाड लेप फासला, तर ओल आतच कोंडली जाते आणि वरून नीटनेटकी दिसणारी गाडी आतून अधिक वेगाने झिजते. काही ठिकाणी तळावर जळके इंजिन ऑइल फवारण्याची पद्धत आहे. तेही टाळावे, ते रबरी भाग सैल करते, ब्रेकवर उडाल्यास घात करते आणि ठिबकून जमीन व पाणी दूषित करते.

काही गंज मात्र घासून जात नाही. ब्रेकची गंजलेली नळी रंगवायची नसते, बदलायचीच असते. जोरात ब्रेक दाबताच ती फुटू शकते. चॅसिसच्या दांड्याला भोक पडले असेल किंवा पाट्याच्या जोडाशी लोखंड पापुद्र्यांनी सुटत असेल, तर वर पत्र्याचे ठिगळ वेल्डिंग करून भागत नाही. भार पेलणाऱ्या भागाचे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे आणि त्याने नकार दिला तर तो मानावा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते कागदापुरते उरू नये. त्या गाडीत चालक बसतो आणि माल उतरवताना हमाल तिच्याच फाळक्याला धरून उभा राहतो. दुरुस्तीत वाचवलेल्या रकमेची किंमत त्यांनी मोजावी, हा कोणत्याच पेढीचा व्यवहार असू शकत नाही.

गाडी विकतानाही हीच कसोटी असते. भोकांवर लांबी भरून, वर चकचकीत रंग मारून गाडी चांगल्या भावात खपवता येते. परंतु ती घेणारा बहुधा कर्ज काढून पहिली गाडी घेणारा तरुण असतो. त्याला गाडीचा तळ दाखवून, दोष सांगून आणि तितका भाव उतरवून केलेला सौदा तोट्याचा दिसला, तरी पेढीची पत राखतो. ज्या गाडीचा सांगाडाच खचला आहे ती रस्त्यावर न विकता अधिकृत भंगार केंद्रात द्यावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी.

येत्या दसऱ्याला तोरण बांधण्यापूर्वी चालकाला सोबत घेऊन एकदा गाडीखाली डोकावावे. टॉर्च आणि हातोडी एवढेच साहित्य त्यासाठी पुरेसे आहे. गंज वेळीच दिसला, तर तो किरकोळ खर्चात मिटतो.