गाडीतला वास आणि अनुमान

मंडळी, हुपरीत चांदी पारखल्याशिवाय कुणी घेत नाही. पण गाडीत वास आला की आपण नुसती अत्तराची डबी टांगतो! न्याय-वैशेषिक म्हणतात, गंध हा गुण आहे आणि गुण द्रव्यावाचून राहत नाही. तेव्हा आधी द्रव्य शोधायचं.

कसं? अन्वय-व्यतिरेकानं. एसी लावला की कुबट वास, बंद केला की नाही, तर एसीच्या आतल्या ओल्या जाळीवर बुरशी धरलेली असणार. एसी बंद असतानाही येतोय? मग पायाखालचं मॅटिंग उचलून हात लावून बघा. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं असेल तर कूलंट गळतोय. पेट्रोलचा असेल तर गाडी चालूच करू नका.

आता खरी मेख. धूर दिसला तर अग्नी आहेच, पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर कुठं असतो? तसंच इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचं. त्याला वासच नाही. म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. प्रवासात डोकं जड झालं, मळमळलं, तर वास येवो न येवो, काचा खाली करा, गाडी थांबवा आणि आधी बाहेर पडा.