दहा मिनिटांचा थांबा

“दहा मिनिटं! हत्तु निमिष!” कंडक्टर दोन्ही भाषांत बजावतो आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच खाली उतरतो. पुण्याहून बेळगावला निघालेली आमची बस निपाणीच्या बाहेर एका हॉटेलच्या आवारात उभी आहे. फेब्रुवारी सरत आलाय आणि पत्र्याखाली आत्ताच घाम फुटतोय. पहिली धाव सगळ्यांची मागच्या बाजूला, स्वच्छतागृहाकडे. दारात टेबल टाकून बसलेला पोरगा मोबाइलवरची मान वर न करता पैशांसाठी हात पुढे करतो. बाहेर नळावर एक बाई पोराचं तोंड खसाखसा पुसतेय, पोरगं ‘कुरकुरे पाहिजे’चा हेका सोडत नाही. पलीकडे पंक्चरवाल्याच्या झाडाखाली केरळचा ट्रक, त्याच्या सावलीत डोक्याखाली टॉवेल घेऊन आडवा झालेला क्लीनर.

काउंटरवर बेळगावचा कुंदा, गोकाकचं करदंट आणि कोल्हापूरकडचा भडंग एकाच काचेआड. “बर्री, कूडरी,” असं पुढच्या टेबलाला म्हणणारा वेटर त्याच दमात माझ्याकडे वळून “काका, चहा का कॉफी?” विचारतो. इथे भाषा अशी गिऱ्हाइकाचा चेहरा बघून बदलते, आणि अंदाज सहसा चुकत नाही.

बाकावरून दिसतात त्या पाट्या वाचत बसतो. टोलचे दर, शौचालयाचा बाण, बेळगाव, हुबळी, बंगळूर. पाटीवर साठ टक्के कन्नड हवंच असा कर्नाटकाचा २०२४ चा कायदा, त्यामुळे मराठी अक्षरं जिथे आहेत तिथे अंग चोरून आहेत. दूधगंगा ओलांडली की राज्य बदलतं, हे १ नोव्हेंबर १९५६ पासूनचं. बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मागच्या कोगनोळी नाक्यावर पोलिसांचे अडथळे लागतात, महाराष्ट्रातून येणारे पुढारी तिथूनच परत फिरवले जातात. या रस्त्यावर अडवणं नवं नाही.

“पावनं, सरका जरा.” टोपी काढून गुडघ्यावर ठेवत एक म्हातारा शेजारी टेकतो. सत्तरीचा असावा. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर जातो, टेपवर कन्नड गाणं फुल आवाजात.

“हंगाम संपत आला,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो.

“ऊस आत्ताचा हो. पयलं हिकडं समदा तंबाखू.” तो रस्त्याकडे बोट करतो. “एक्क्याऐंशी साली आमी हितं बसलोतो. बाकावर न्हवं. रस्त्यावर.”

मार्च १९८१. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन कसायला आलेले शरद जोशी कांद्याच्या आंदोलनानंतर इथे आले, आणि विडीच्या तंबाखूला भाव मागत हजारो शेतकरी या हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार तेव्हाचा, आता त्याला अठ्ठेचाळीस म्हणतात. तीन आठवड्यांहून जास्त काळ मुंबई-बंगळूर वाहतूक आडवाटेने गेली. तळाला नावच पडलं आंदोलननगर.

“जेवायचं काय करायचा?”

“गावागावातनं भाकरी यायची. गाडी भरून. कोण कुणाची खातंय, इचारायचं न्हाई.” म्हातारा हसतो. “तंबाखू काय खाता येतोय व्हय? व्यापारी म्हनंल त्यो भाव. माल आज न्यायचा, पैसं वर्सानं. त्यात बी सूट कापायची.”

त्याची कारभारीण तेव्हा वखारीत होती. तंबाखू कुटायचा, चाळायचा, नाकातोंडात भुकटी. वखारीतल्या बायकांनीही त्या काळात संघटना बांधली. दीपा धनराज आणि ‘युगांतर’ गटाने त्यांच्यावर १९८२ साली माहितीपट केला. मी तसं सांगतो. “फिलिम?” म्हातारा विचार करतो. “तिनं न्हाई बगितली.”

६ एप्रिलला पोलीस आले. मुख्यमंत्री गुंडूराव होते. लाठ्या, अश्रुधूर, मग गोळ्या. डझनभर शेतकरी गेले. म्हातारा याबद्दल फार बोलत नाही, आणि मीही खोदून विचारत नाही. दरवर्षी ६ एप्रिलला हुतात्म्यांना अभिवादन होतं, एवढंच तो सांगतो. जमलं तर जातो, म्हणतो. गुडघे साथ देत नाहीत.

सहापदरीकरणाच्या कामाची धूळ आवारात शिरते. वेटर ओल्या फडक्याने तीच धूळ टेबलावर इकडून तिकडे करतो. कंडक्टरचा चहा संपलाय, त्याने शिट्टी तोंडाला लावलीय.

“मग भाव मिळाला का शेवटी?” मी उठता उठता विचारतो.

“तंबाखू सोडला की मी. पोरानं ऊस लावला.” टोपी डोक्यावर चढवत तो सांगतो, “पर गेल्या नोव्हेंबरात पोरगं बी रस्त्यावरच हुतं.”

म्हणजे २०२५ चं ऊस आंदोलन. मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर सुरू झालेलं आणि याच महामार्गावर हत्तरगी टोलनाक्यापर्यंत पोचलेलं. टनाला साडेतीन हजारांची मागणी होती, सरकारने तेहेतीसशेवर मिटवलं.

“दोनशे रुपयं खाल्लंच त्यांनी,” म्हातारा म्हणतो, आणि वेटरला हाक मारतो, “ए तम्मा, ह्या पावन्याचं पैसं घेऊ नगंस.”

मी नको नको म्हणेपर्यंत त्याने नोट काढून ठेवलीय. बस हॉर्न मारते.