घर गेले, देणे उरले

पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या गणपती कारखान्यांत माती, पीओपी, रंग आणि मजुरी यांवर वर्षभर पैसा ओतावा लागतो. तो परत येतो भाद्रपदाच्या आगेमागे. मधला सगळा काळ उधारीचा. बँकेचे पंचांग मात्र वेगळे आहे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की खाते साधारणपणे ‘एनपीए’ ठरते आणि घर किंवा कारखाना तारण असेल तर 2002 चा सरफेसी कायदा लागू होतो. या कायद्याखाली बँक 60 दिवसांची नोटीस देते आणि मुदत सरली की न्यायालयाचा हुकूमनामा न आणता तारण ताब्यात घेऊन विकू शकते. कर्जदाराला पेणच्या किंवा रोह्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई मागण्याची सोय जवळजवळ नाही. त्याने 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायचे. शेतजमीन यातून वगळलेली आहे, पण ती खरोखर शेतीची असावी लागते. धाटावच्या औद्योगिक वसाहतीभोवती बिनशेती झालेल्या जमिनींना हे संरक्षण मिळणार नाही.

गेल्या काही वर्षांतल्या निकालांनी या कायद्याची धार वाढवली आहे. सहकारी बँका तो वापरू शकतात का, हा वाद बरीच वर्षे चालला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 5 मे 2020 रोजी तो मिटवला आणि वापरू शकतात असे सांगितले. दुसरा वाद गहाण सोडवण्याच्या हक्काचा. संपत्ती हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यापासून आपल्याकडे धारणा अशी की विक्री पुरी होईपर्यंत कर्जदार पैसे भरून आपली मिळकत सोडवू शकतो. सरफेसीत 2016 मध्ये दुरुस्ती झाली आणि सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये तिचा अर्थ लावला: लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली की हा हक्क संपला. त्या प्रकरणात लिलावाची बोली सुमारे 105 कोटींची होती, कर्जदार 129 कोटी द्यायला तयार होता आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तशी मुभाही दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. लिलावावरचा विश्वास टिकला नाही तर बोली लावायला कोणी पुढे येणार नाही, हा त्यामागचा विचार, आणि तो चुकीचा नाही. 2025 मध्ये न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली. मात्र या कलमाची शब्दरचना गोंधळाची आहे, याकडे सरकारचे लक्षही वेधले.

वसुलीची ही गती माझ्या तक्रारीचा विषय नाही. तक्रार लिलावानंतर जे घडते त्याबद्दल आहे. लिलावात घर क्वचितच बाजारभावाने जाते. आलेल्या रकमेतून आधी वसुलीचा खर्च वळता होतो, मग कर्ज. उरलेली रक्कम कर्जदाराकडूनच वसूल करायची मुभा कायदा बँकेला देतो. शिवाय तारण विकण्याआधीच जामीनदाराला गाठता येते. आपल्याकडे जामीनदार म्हणजे बहुधा मेहुणा, शेजारी नाही तर शाळेतला मास्तर. घर गेल्यावरही देणे मागे राहते, ते सहीपुरत्या सामील झालेल्या माणसापर्यंत पोहोचते आणि त्यावर व्याज चढत राहते. या उरलेल्या देण्याचे काय करायचे, याचे उत्तर गहाणखताच्या कायद्यात सापडणार नाही. ते दिवाळखोरीच्या कायद्याने द्यायचे असते.

त्या बाजूला पाहिले तर काळ गोठलेला दिसतो. रायगडमधल्या सामान्य माणसाच्या दिवाळखोरीला आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. खाडीपलीकडे मुंबई शहरात त्याहून जुना, 1909 चा. प्रांतिक कायद्यानुसार देणे 500 रुपयांचे असले तरी नादारीचा अर्ज करता येतो. ही मर्यादा तेवढी इंग्रज अमदानीची साक्ष देते. संसदेने 2016 मध्ये दिवाळखोरी संहिता मंजूर केली, तेव्हा हे दोन्ही कायदे जातील आणि व्यक्तींसाठी नवी व्यवस्था येईल असे ठरले होते. विश्वनाथन समितीच्या 2015 च्या अहवालाने त्याची मांडणी केली होती. कंपन्यांसाठीचा भाग लगेच लागू झाला. व्यक्तींच्या भागातून 1 डिसेंबर 2019 पासून फक्त एक गट आत घेतला, कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांचा. कंपनीच्या मालकाला नवी संहिता आणि मूर्तिकाराला शंभर वर्षांपूर्वीचा कायदा, अशी ही वाटणी झाली.

संहितेत गरीब ऋणकोसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, पात्र देणे 35 हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसावे, अशा तिच्या अटी. ती लागू नाही हे एक, आणि लागू झाली तरी या आकड्यांत हमरापूरचा छोटा कारखानदारही बसणार नाही हे दुसरे. त्याच्यासाठी परतफेडीच्या योजनेचे आणि दिवाळखोरीतून मुक्त होण्याचे प्रकरण महत्त्वाचे आहे. तेही कागदावरच आहे.

यावर सर्वांत जड आक्षेप पेणमधूनच येईल. सप्टेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचा पैसा अडकला. तेव्हा ठेव विम्याची मर्यादा एक लाख होती. ती पाच लाख झाली फेब्रुवारी 2020 मध्ये. ज्या गावाने हे सोसले त्याला ऋणकोच्या सुटकेची भाषा कशी रुचावी? पण बँक कशाने बुडाली ते पाहावे. खोट्या कर्जखात्यांतून पैसा बाहेर काढून जमिनींत गुंतवला, असा तपास यंत्रणांचा आरोप होता. घर तारण ठेवून हप्ता चुकवणाऱ्या लहान कर्जदाराने ती बँक बुडवली नाही. शिवाय नादारीच्या कायद्याने तारणाला धक्का लागत नाही. 1920 चा कायदाही तारण असलेल्या धनकोला त्याची मिळकत विकू देतो. प्रश्न फक्त तारणातून न भागलेल्या रकमेचा आहे, आणि जी रक्कम माणूस आयुष्यभर फेडू शकणार नाही, ती वह्यांत मांडून ठेवल्याने ठेवीदाराला एक रुपयाही मिळत नाही.

दुसरा आक्षेप असा की याने कर्ज बुडवायची सवय लागेल. कर्जमाफीने ती लागू शकते, कारण माफी प्रामाणिक आणि लबाड असा भेद करत नाही. नादारीत सगळी मालमत्ता उघड करावी लागते, ती विकली जाते, हिशेब लपवला तर शिक्षा होते आणि मुक्तता मिळायची ती न्यायालयाने तपासल्यावर. हे आपल्याला नवेही नाही. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला. व्यवहाराच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासणे आणि हप्ते बांधून देणे यांबरोबर त्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते. परक्या सरकारला दंग्यानंतर का होईना जे सुचले, ते आपल्या संसदेने मंजूर करूनही अधिसूचनेअभावी पडून आहे. रोह्याशी घरोबा असलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पण त्या रोह्यातला आजचा कर्जदार त्यांच्याही काळाआधीच्या कायद्याच्या दारात उभा आहे.

केंद्राने संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग सर्वांना लागू करावा आणि ‘नवी सुरुवात’च्या मर्यादा आजच्या भावांना जुळवून घ्याव्यात. तोवर कर्जदाराने एवढे तरी करावे: बँकेची नोटीस आली तर ती परत न पाठवता घ्यावी, 60 दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी. बँकेला तिचे 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. आणि घर सोडवायचे असेल तर पैशांची जुळवाजुळव लिलावाची नोटीस वर्तमानपत्रात येण्यापूर्वी करावी. त्यानंतर बोलीपेक्षा जास्त पैसे घेऊन गेलात तरी ते घेणे बँकेवर बंधनकारक नाही.