सेरामपूरची बी.डी.: ऐकीव आणि खरं

भारतातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या बऱ्याचशा पदव्यांवर सेरामपूरचं नाव असतं. हे हुगळीकाठचं, पश्चिम बंगालमधलं गाव. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाशी, देशभरातली पन्नासहून अधिक धर्मशास्त्र महाविद्यालयं जोडलेली आहेत. पुण्यात बिबवेवाडीला असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी त्यांपैकीच एक. ती १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. तरीही या शिक्षणाविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते.

गैरसमज १: सेरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) म्हणजे चर्चने दिलेलं प्रमाणपत्र, तिला कायद्याचा आधार नाही.

वस्तुस्थिती: मिशनरी विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज काढलं, तेव्हा हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकलं गेलं, पण सनद शाबूत राहिली. या सनदेखाली धर्मशास्त्राची पहिली पदवी दिली गेली ती थेट १९१५ मध्ये. पुढे १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने सिनेटची रीतसर घडी बसवली. याच कॉलेजच्या कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या पदव्या मात्र कलकत्ता विद्यापीठाच्या असतात. एकाच आवारात दोन विद्यापीठांच्या पदव्या असल्याने बाहेरच्यांचा गोंधळ होतो.

गैरसमज २: बी.डी. केली की पाळक व्हावंच लागतं, आणि हे पुरुषांचंच क्षेत्र.

वस्तुस्थिती: पदवी विद्यापीठ देतं, पाळकपदाची दीक्षा मंडळी (म्हणजे चर्च) देते. पदवी घेऊनही दीक्षा न घेणारे बरेच असतात; ते शिकवतात, रुग्णालयात समुपदेशन करतात, सामाजिक संस्थांत काम करतात. स्त्रियांना प्रवेश आहे, आणि एम.टीएच.ला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) स्त्री-अभ्यास हा स्वतंत्र विषयही आहे. मात्र एखाद्या मंडळीत स्त्रीला दीक्षा मिळेल की नाही, हे त्या मंडळीच्या नियमांवर ठरतं. पदवी हातात असली म्हणून ते बदलत नाही.

गैरसमज ३: चार-पाच वर्षं नुसतं बायबल वाचायचं असतं.

वस्तुस्थिती: बी.डी. पदवीधरांना साधारण चार वर्षांची असते आणि एम.टीएच. पुढची दोन. बायबलचा अभ्यास गाभ्याशी असतोच, पण तो पाठांतराचा नव्हे. जुन्या करारासाठी हिब्रू, नव्या करारासाठी ग्रीक, शिवाय ग्रंथ कधी, कोणी, कोणत्या परिस्थितीत लिहिला याची चिकित्सा. त्याखेरीज चर्चचा इतिहास, इतर धर्म आणि भारतीय समाजाचा अभ्यास. १९८१ मध्ये धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मविचाराची मांडणी केली, तिथून दलित धर्मशास्त्राची वाट रुंदावत गेली. मूळ भाषांचं महत्त्व मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक आत्मसात केलं आणि मुळावरून बायबल मराठीत आणलं, तेही अशी कोणतीही पदवी नसताना.

गैरसमज ४: ख्रिस्ती नसलेल्याला दारच बंद, किंवा शिकायचं तर धर्म बदलावा लागतो.

वस्तुस्थिती: इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सेरामपूर कॉलेज पहिल्यापासून सर्वांना खुलं होतं. पहिल्या ३७ विद्यार्थ्यांत १४ हिंदू होते. पण बी.डी. हे मुख्यतः मंडळीच्या सेवेसाठीचं शिक्षण आहे, आणि बहुतेक महाविद्यालयं प्रवेशासाठी चर्चचं शिफारसपत्र मागतात. ज्याला श्रद्धेची अट नसलेला अभ्यास हवा आहे, त्याने धर्मांच्या तौलनिक अभ्यासाकडे वळावं. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात असा विभाग १९६७ पासून आहे, आणि यूजीसीच्या नेट परीक्षेतही हा विषय आहे. अमेरिकेत तर हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये बौद्ध, हिंदू, मुस्लिम विद्यार्थीही पदव्युत्तर अभ्यास करतात.

गैरसमज ५: कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पदव्या एकच.

वस्तुस्थिती: पुण्यातच फरक दिसतो. नगर रस्त्यावरचं ज्ञानदीप विद्यापीठ कॅथलिक आहे. १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला सुरू झालेली ही संस्था १९५५ मध्ये पुण्यात आली आणि तिच्या पदव्यांना व्हॅटिकनची मान्यता आहे. बिबवेवाडीची सेमिनरी प्रॉटेस्टंट. तिची पदवी सेरामपूरची. शहर एक असलं तरी पदवी देणारे अधिकार वेगळे आहेत.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्याआधी पदवी कोण देणार आणि पुढे ती कुठे चालणार, हे लेखी विचारून घ्यावं. चर्चमधल्या कामाला एक कागद पुरतो, विद्यापीठातल्या प्राध्यापकीला दुसरा लागतो, आणि सरकारी नोकरीत समकक्षता ज्या त्या जाहिरातीनुसार पाहिली जाते. ही चौकशी पहिल्या वर्षाची फी भरण्याआधी झाली, तर चार वर्षांनंतरचा मनस्ताप टळतो.